अ‍ॅक्सिऑनच्या शोधात घडणारे उपकरणकार

विश्वातल्या एकूण द्रव्यापैकी सुमारे ८५ टक्के द्रव्य प्रकाश देतही नाही आणि अडवतही नाही. दीर्घिका ज्या वेगाने फिरतात त्यावरून या कृष्णपदार्थाचे अस्तित्व कळते. तो कशाचा बनला आहे, हे मात्र कोणालाच ठाऊक नाही. 'अ‍ॅक्सिऑन' हा अतिशय हलका कण त्याचा एक प्रबळ दावेदार आहे. रॉबर्टो पेचेई आणि हेलन क्विन यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सिद्धांतातून असा कण निघतो, हे पुढच्याच वर्षी स्टीव्हन वाइनबर्ग आणि फ्रँक विल्चेक यांनी दाखवले. तो पकडायची युक्ती पिएर सिकिव्ही यांनी १९८३ मध्ये सुचवली. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात अ‍ॅक्सिऑनचा मायक्रोवेव्ह फोटॉन होऊ शकतो. धातूच्या बंद पोकळीची वारंवारता त्या फोटॉनशी जुळली, तर हा क्षीण संकेत बळावतो.

सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातला 'एडीएमएक्स' हा प्रयोग याच युक्तीवर उभा आहे. एका वॉटचे एकावर २३ शून्ये इतके भाग केले, तर त्यातल्या एखाद्या भागाइतकी शक्ती तिथे मोजायची असते. कणाचे वस्तुमान माहीत नसल्याने कोणत्या वारंवारतेवर शोधायचे तेही आधी कळत नाही. म्हणून पोकळीतले तांब्याचे दांडे किंचित सरकवायचे, काही वेळ मोजायचे आणि पुन्हा सरकवायचे, असे काम वर्षानुवर्षे चालते. उपकरणाचा स्वतःचा गोंगाट निम्मा झाला, तर तेवढ्याच खात्रीसाठी लागणारा वेळ चौथ्या हिश्शावर येतो. पीएचडी करणाऱ्यांचे सारे प्रशिक्षण या एका नियमाभोवती फिरते.

सुरुवात होते डायल्यूशन फ्रिजपासून. हेलियम-३ आणि हेलियम-४ यांच्या मिश्रणावर चालणारे हे यंत्र तापमान निरपेक्ष शून्याच्या वर एक दशांश अंश किंवा त्याहूनही खाली नेते. तिथे पुस्तकातले भौतिकशास्त्र पुरत नाही. इंडियमच्या तारेचे सील नीट दाबले गेले का, निर्वातात बारीक गळती कुठे आहे, कोणती केबल बाहेरची उष्णता आत आणते, दांडा सरकवताना घर्षणाने तापमान किती चढते, हे हाताने काम करूनच कळते. नेटवर्क अ‍ॅनालायझरने पोकळीची गुणवत्ता मोजणे हाही रोजचाच भाग. सगळ्यात नाजूक असतो पहिला अतिसंवाहक अ‍ॅम्प्लिफायर. चुंबकीय क्षेत्राचा जरासा स्पर्शही त्याला सोसत नाही आणि शेजारीच काही टेस्लांचा चुंबक असतो. उलट क्षेत्र देणारे वेटोळे आणि चुंबकरोधक आवरणे वापरून त्याला सांभाळणे ही खरी कारागिरी आहे.

यंत्रावर विश्वास किती ठेवायचा, हेही शिकवले जाते. एडीएमएक्समध्ये बनावट अ‍ॅक्सिऑन संकेत गुपचूप सोडले जातात आणि विश्लेषण करणाऱ्यांना ते ओळखावे लागतात. खोटा संकेत निसटला, तर खराही निसटला असता. प्रामाणिकपणाचा याहून चांगला धडा प्रयोगशाळेत क्वचितच मिळतो.

क्वांटम तंत्रज्ञान इथे शोभेसाठी आलेले नाही. अ‍ॅम्प्लिफायर कितीही थंड केला तरी गोंगाटाला एक क्वांटम मर्यादा उरतेच. येल विद्यापीठातल्या 'हेस्टॅक' प्रयोगाने 'दाबलेल्या' क्वांटम अवस्था वापरून शोधाचा वेग सुमारे दुप्पट केल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी शिकागो विद्यापीठ आणि फर्मीलॅबच्या संशोधकांनी अतिसंवाहक क्युबिटने एकेक फोटॉन मोजून कृष्ण फोटॉनचा, म्हणजे कृष्णपदार्थाच्या आणखी एका संभाव्य कणाचा, शोध घेतला. क्वांटम संगणक बांधणाऱ्यालाही हीच शीतयंत्रे, हेच अ‍ॅम्प्लिफायर आणि हेच कौशल्य लागते. त्यामुळे अ‍ॅक्सिऑन न सापडताही ही विद्या वाया जात नाही.

अडचण काळाची आहे. एडीएमएक्सची मोजणी १९९० च्या दशकात लिव्हरमोर इथे सुरू झाली, प्रयोग २०१० मध्ये सिअ‍ॅटलला गेला आणि अ‍ॅक्सिऑनच्या प्रमुख प्रतिमानांपैकी अधिक क्षीण संकेत देणाऱ्या प्रतिमानापर्यंतची संवेदनशीलता २०१८ मध्ये जाहीर झाली. पीएचडीच्या पाच-सहा वर्षांत यातला एक तुकडाच हाती येतो. प्रबंधात कदाचित फक्त नवा अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि एक वारंवारतापट्टा जिथे काहीच सापडले नाही. तो प्रबंध कमी दर्जाचा मानणे चूक आहे, कारण पुढची पिढी त्याच अ‍ॅम्प्लिफायरवर उभी राहते.

असे अ‍ॅम्प्लिफायर बांधणाऱ्यांची एक परंपरा मुंबईपर्यंत पोहोचली आहे. एडीएमएक्सला अतिसंवाहक अ‍ॅम्प्लिफायर देणारा गट बर्कलीच्या जॉन क्लार्क यांचा. त्यांना मिशेल देव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांच्यासह २०२५ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. देव्होरे यांच्याकडे येलमध्ये पीएचडी करून आर. विजय यांनी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत क्वांटम मापनाची प्रयोगशाळा उभारली आणि तिथे अतिसंवाहक क्युबिट व अ‍ॅम्प्लिफायर यांवर काम चालते. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये संवेदन आणि मापनशास्त्राचे केंद्र पवईच्या आयआयटीकडे आले आहे. कुलाब्यातच 'टिन-टिन' प्रयोगासाठी कथिलाचे बोलोमीटर, म्हणजे तापमानातल्या किंचित वाढीवरून ऊर्जा मोजणारे संवेदक, डायल्यूशन फ्रिजमध्ये पारखले जातात. ते न्यूट्रिनोसाठी आहेत, कृष्णपदार्थासाठी नव्हेत. पण गळती शोधण्यापासून गोंगाट मोजण्यापर्यंतचे शिक्षण दोन्हीकडे एकच.