वाड्यातल्या नजरा

मराठी ऐतिहासिक कादंबरीत प्रेमाची कबुली तोंडाने क्वचितच दिली जाते. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनी 1871 साली 'मोचनगड' लिहिली. तेव्हापासून या प्रकारात सरदार बोलतात, खलिते बोलतात, मुत्सद्दी तर पानंच्या पानं बोलतात. पण नायक-नायिका समोरासमोर आली की संवाद आखडतो आणि लेखक डोळ्यांकडे वळतो. टपोरे डोळे, पाणीदार डोळे, ओलावलेल्या कडा, झुकलेल्या पापण्या हे शब्द इतक्यांदा वाचलेले असतात की ही लेखकांची एक सवय म्हणून आपण ते ओलांडून पुढे जातो. मला हे ओलांडून जाणं अन्यायाचं वाटतं. ज्या समाजाची ही कादंबरी आहे त्या समाजात नवरा-बायकोला एकमेकांपर्यंत पोहोचायला नजरेखेरीज फारशी मोकळी वाट नव्हती. त्यामुळे डोळ्यांचं लेखन हा या प्रकाराचा कणा आहे, आणि कादंबरीतला प्रणय उतरला की फसला हे तिथेच कळतं.

पेशवाईतल्या वाड्याची रचना डोळ्यांसमोर आणली तर हे पटायला वेळ लागत नाही. सदर आणि दिवाणखाना पुरुषांचा, माजघर आणि स्वयंपाकघर बायकांचं. दिवसा चारचौघांत नवऱ्याने बायकोशी बोलायचं नाही, बायकोने त्याचं नाव घ्यायचं नाही. 'इकडून' आणि 'स्वारी' एवढ्यावर भागवायचं. सासू, आत्या, विधवा जाऊ, आश्रित, कुळंबिणी, कारकून असा सगळा गोतावळा सतत अवतीभवती. आणखी एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे. या कथांमध्ये लग्न आधी होतं आणि प्रेम मागाहून येतं. माधवराव पेशव्यांचा जन्म 1745चा आणि रमाबाईंशी लग्न 1753चं. पहिल्या भेटीत जीव जडण्याचा जो प्रसंग इंग्रजी प्रणयकथेला हक्काने मिळतो, तो इथे मिळूच शकत नाही. आठ वर्षांच्या नवऱ्याला बोहल्यावर अंतरपाट दूर झाल्यावर काय दिसणार! जी नजर महत्त्वाची, ती कित्येक वर्षांनी येते, रोज दिसणारं माणूस एके दिवशी वेगळं दिसतं तेव्हा. रणजित देसाईंची 'स्वामी' 1962 साली आली आणि अजूनही वाचली जाते, याचं मोठं श्रेय मी या उशिरा आलेल्या ओळखीला देतो. 1761च्या पानिपतानंतर राज्य सावरणारा तरुण पेशवा आणि त्याला क्षयाने खंगताना पाहणारी बायको ही जोडी मराठी वाचकाच्या मनात घर करून राहिली. शेवट वाचकाला आधीच माहीत असतो: थेऊर, नोव्हेंबर 1772, आणि रमाबाईंचं सती जाणं. म्हणून त्यांच्या साध्यासुध्या पाहण्यालाही वजन येतं. आजाऱ्याकडे पाहताना आपली काळजी त्याला दिसू नये, ही धडपड शब्दांत मांडली तर बटबटीत होते. डोळ्यांत ठेवली तर ती टिकते.

पण नुसते डोळे आणून भागत नाही, आणि इथेच चांगलं लेखन आणि भरताड वेगळं होतं. एक पंगत घ्या. सासरे पहिल्या पाटावर, शेजारी दीर, समया तेवत आहेत. मधल्या पाटावरचा मुलगा उद्या पहाटे मोहिमेवर निघणार आहे. धाकटी सून कढी वाढायला येते. एक लेखक लिहील की तिच्या हरिणीसारख्या डोळ्यांत विरहाचे अश्रू दाटून आले. दुसरा लिहील की तिची नजर त्याच्या पानावर गेली. पहिला भात तसाच होता, वरचं तूप थिजलं होतं. तिने द्रोण भरला, क्षणभर वर पाहिलं, आणि सासूबाई आपल्याकडे बघताहेत हे जाणवताच पुढच्या पानाकडे सरकली. त्याने भात कालवायला घेतला. पहिल्या वाक्यात डोळ्यांचं वर्णन आहे आणि घडत काहीच नाही. दुसऱ्यात डोळ्यांचा आकार, रंग, पाणी यांपैकी काहीही सांगितलेलं नाही, तरी तीन माणसांच्या नजरा एकमेकींना छेदून गेल्या आणि एक संभाषण पुरं झालं. सासूची नजर नसती तर सुनेच्या नजरेला किंमत आली नसती. म्हणजे प्रेमाची नजर दोघांची असली तरी ती लिहायला तिसरा लागतो.

हे तत्त्व आपल्याकडे नवं नाही. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या आठव्या अध्यायात छत्तीस दृष्टी सांगितल्या आहेत: आठ रसांच्या, आठ स्थायी भावांच्या आणि वीस संचारी भावांच्या. बुबुळांची नऊ कर्मं वेगळी, पापण्यांची नऊ, भुवयांची सात. ही यादी कोरडी वाटेल, पण ती लावण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. डोळा मोठा की लहान, काळा की घारा, याचा तिथे प्रश्नच येत नाही. शंकिता, श्रान्ता, विषण्णा, लज्जान्विता, शून्या ही नावं डोळा काय करतो आहे त्याची आहेत. शून्या दृष्टीत बुबुळं स्थिर असतात आणि माणूस समोरचं पाहत असूनही पाहत नसतो. कमलनयना आणि मृगाक्षी या काव्यातल्या उपमांचा वारसा आमच्या कादंबरीकारांनी मनापासून उचलला. रंगभूमीच्या या शास्त्राकडे मात्र त्यांचं फारसं लक्ष गेलं नाही. प्रणयाची पानं एकसारखी दिसू लागली त्याचं एक कारण मला यात दिसतं.

इतिहासाचा अभ्यासक इथे हरकत घेईल, आणि त्याची हरकत गंभीर आहे. पेशवे दफ्तरात मोहिमा आहेत, वसुली आहे, देणी आहेत, तक्रारी आहेत. कुणी कुणाकडे कसं पाहिलं हे नाही. मग ही सगळी नेत्रपल्लवी म्हणजे विसाव्या शतकातल्या मध्यमवर्गाने आपलं दांपत्यप्रेम अठराव्या शतकावर लादणंच नाही का? काही अंशी हे खरं आहे. माधवराव-रमाबाईंच्या एकांतात आजच्या जोडप्याची भाषा ऐकू येते तेव्हा मीही अडखळतो. पण कागद गप्प आहेत म्हणजे माणसं गप्प होती असं होत नाही, आणि कधी कधी कागदांनाच नजरेचा प्रश्न पडलेला दिसतो. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने पुढे एक तोतया उभा राहिला. त्याचं प्रकरण वर्षानुवर्षं चिघळलं आणि अखेर 1776 साली त्याला देहदंड झाला. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारलंच नाही. राज्याला साक्षीपुरावे हवे होते. पण ज्या एका व्यक्तीची ओळख निर्णायक ठरली असती ती पडद्याआड, घराण्याच्या अब्रूला बांधलेली. हा माणूस तोच का, हे एका बाईने डोळे भरून पाहण्यात काय दडलेलं असेल, हा प्रश्न इतिहासानेच टाकलेला आहे. ना. सं. इनामदारांनी 'शिकस्त'मध्ये पार्वतीबाईंना मध्यभागी आणलं ते याच रिकाम्या जागेत. तिथे कल्पना करणं हा कादंबरीकाराचा अधिकार आहे; फक्त त्याने ती त्या काळाच्या बंधनांत राहून करावी.

बाजीराव पेशव्यांच्या मस्तानीच्या बाबतीत अडचण उलटी आहे. तिच्या रूपाच्या दंतकथा इतक्या आहेत की लेखक वर्णनात बुडायला मोकळा होतो. विड्याचा रस गळ्यातून उतरताना दिसे ही कथा कुणी ऐकलेली नाही? इनामदारांची 'राऊ' 1972ची, तिच्यावर आधारलेला संजय लीला भन्साळींचा चित्रपट 2015चा, आणि लोकांच्या मनातली मस्तानी आता बरीचशी पडद्यावरची आहे. माझ्या मते तिच्या गोष्टीतला खरा भाव तिच्या डोळ्यांत कमी आणि तिच्याकडे न पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत जास्त आहे. शनिवारवाड्याच्या तटाला तिच्या नावाचा दरवाजा आहे, पण घराच्या पंगतीत तिला पाट नव्हता. बाजीराव मोहिमेवर असताना तिला कैदेत ठेवलं गेलं, आणि 28 एप्रिल 1740 रोजी रावेरखेडीला त्यांचा अंत झाला. कुणाला तरी नजरेआड करणं, समोर असून नजर न देणं, हेही डोळ्यांचंच बोलणं आहे, आणि प्रणयकथेत ते कटाक्षापेक्षा खोल जाऊ शकतं. बाजीरावांच्या पत्नी काशीबाईंचं दुःख लिहिणाऱ्याने तरी हे विसरू नये.

दुसरी हरकत स्त्रीवादी समीक्षेची आहे, आणि ती मी जवळजवळ पूर्ण मान्य करतो. या कादंबऱ्यांत नायिकेचे डोळे सतत खाली असतात आणि नायकाचे भिरभिरत असतात. ती पाहिली जाते, पाहत नाही. खाली झुकलेली नजर हीही एक कृती असते, तिच्यात राग, नकार, खेळ सगळं मावतं, हे मघाच्या पंगतीत दिसतं. पण पिढ्यान्‌पिढ्या तिचं एकच सोज्वळ रूप गिरवलं गेलं हेही खरं आहे. मात्र याचा दोष परंपरेला देण्याचं कारण नाही. हालाच्या गाथासप्तशतीत, म्हणजे थेट माहाराष्ट्री प्राकृतात, बायका बेधडक पाहतात: वाटसरूकडे, दिराकडे, शेजाऱ्याकडे, सासूच्या देखत आणि तिला कळू न देता. उत्तर पेशवाईतल्या रामजोशी आणि होनाजी बाळाच्या लावणीतली बाई तर नजरेचा व्यवहार स्वतः सांगते. हे दोन्ही साठे घरचे असताना कादंबरीने लावणीला तमाशाच्या फडात ठेवलं आणि वाड्यासाठी कुलीन लाज तेवढी उचलली. एकोणिसाव्या शतकातल्या शिक्षित वर्गाची ही निवड होती. अठराव्या शतकातल्या बाया तशाच होत्या असा पुरावा त्यातून निघत नाही. हरिभाऊ आपट्यांना 'वज्राघात'मध्ये रामराजा आणि मेहेरजान यांच्या प्रेमापासून विजयनगरच्या नाशापर्यंत जायचं धैर्य झालं. त्यांच्या वारसदारांपैकी फार थोड्यांनी इतक्या धोक्याची नायिका पुन्हा उभी केली.

अलीकडच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत मला एक वेगळीच अडचण दिसते, ती कॅमेऱ्याची. 1987च्या 'स्वामी' मालिकेपासून पेशवाई दिवाणखान्यात आली, त्याचा आनंदच आहे. पडद्यावर चेहरा जवळून दाखवता येतो, त्याला उजेड हवा तसा देता येतो. कादंबरीकार तेच करू लागला की फसतो. चौकाच्या पलीकडून, समईच्या उजेडात, पदराआडून नायकाला नायिकेच्या पापणीवरचा थेंब दिसतो! त्या अंतरावरून दिसली असती तर तिची थबकलेली मान दिसली असती, हातातलं तबक हललेलं दिसलं असतं. डोळ्यांतलं काय ते त्याला ओळखावं लागलं असतं. या ओळखण्यातच तर प्रणय आहे. अशा कथा लिहिणाऱ्या लेखकांना म्हणूनच एक विनंती आहे: नायिकेचे डोळे कसे आहेत ते लिहिण्याआधी दिवा कुठे आहे, मध्ये अंतर किती आहे, आणि आणखी कोण पाहतं आहे, एवढं ठरवा.