फिशिंग संकेतस्थळांचा शोध : मशीन लर्निंगच्या अचूकतेची चिकित्सा

प्रस्तावना
बँक वा वीज कंपनीच्या संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल करून ग्राहकाचा पासवर्ड व कार्ड क्रमांक काढून घेण्याच्या प्रकारास फिशिंग असे म्हणतात. अशी संकेतस्थळे अनेकदा अल्पावधीतच नाहीशी होतात. त्यामुळे ज्ञात बनावट पत्त्यांची काळी यादी नेहमीच मागे पडते. यादीत नसलेले संकेतस्थळही लक्षणांवरून ओळखता यावे, यासाठी मशीन लर्निंगचा अवलंब केला जातो.

नमुनासंच व त्याची लक्षणे
महाविद्यालयीन प्रकल्पांत या विषयासाठी वारंवार वापरला जाणारा नमुनासंच रामी मोहम्मद, ली मॅक्लुस्की व फादी थबताह यांनी सिद्ध केला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन येथील भांडारात तो २०१५ मध्ये दाखल झाला. त्यात ११,०५५ नोंदी असून प्रत्येकीत ३० लक्षणे आहेत. पत्ता ५४ अक्षरांहून लहान असल्यास विश्वासार्ह, ७५ हून मोठा असल्यास बनावट. नावाऐवजी आयपी क्रमांक किंवा डोमेनच्या नावात आडवी रेघ असल्यास संशयास जागा, असे त्यातील नियम आहेत. अनेक निर्णयवृक्षांचे बहुमत घेणारी रँडम फॉरेस्ट ही पद्धती या संचावर ९५ टक्क्यांहून अधिक अचूकता सहज दाखविते. प्रकल्प अहवाल बहुधा येथेच संपतो, आणि खरी अडचण येथूनच सुरू होते.

संचातील सर्वांत प्रभावी लक्षणांपैकी एक म्हणजे सुरक्षा प्रमाणपत्र. विश्वसनीय संस्थेचे व किमान एक वर्ष वयाचे प्रमाणपत्र असल्यास संकेतस्थळ अस्सल, असा मूळ नियम होता. परंतु डिसेंबर २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची विनामूल्य प्रमाणपत्रे सर्वांस खुली झाली. त्यांची मुदत अवघी ९० दिवसांची! म्हणजे कुलपाचे चिन्ह भामट्यासही मिळू लागले आणि प्रामाणिक संस्था मात्र वयाच्या अटीत नापास होऊ लागली. अभ्यागतांच्या संख्येचे लक्षण ज्या ॲलेक्सा क्रमवारीवर बेतले होते, ती सेवा मे २०२२ मध्ये बंद पडली. शिवाय संचात मूळ पत्ते नाहीत, केवळ उणे एक, शून्य व एक असे संकेतांक आहेत. त्यामुळे फेरतपासणीस वाव उरत नाही. एकसारख्या नोंदीही पुष्कळ असल्याने प्रशिक्षणात पाहिलेलीच नोंद चाचणीत पुन्हा येते. पाठ केलेल्या उत्तरास आकलन मानण्यासारखेच हे आहे.

अचूकतेचा अर्थ
या संचात फिशिंगच्या नोंदी सुमारे ४४ टक्के आहेत. प्रत्यक्ष वापरात हे प्रमाण अत्यल्प असते. समजा, १०,००० संकेतस्थळांपैकी १० बनावट आहेत आणि प्रारूप दोन्ही गटांत ९७ टक्के अचूक आहे. ते बनावट दहाही बहुधा पकडेल. परंतु ९,९९० अस्सल स्थळांपैकी सुमारे ३०० स्थळांवरही धोक्याचा शिक्का मारील. एकतीस इशाऱ्यांतील तीस खोटे निघाल्यावर ग्राहक एकतिसाव्याकडेही दुर्लक्ष करतो.

म्हणून प्रकल्पाच्या मूल्यमापनात एकूण अचूकतेऐवजी खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण स्वतंत्रपणे मागणे आवश्यक ठरते. चाचणीची विभागणीही यादृच्छिक न ठेवता कालानुक्रमे व्हावी : आधीच्या महिन्यांतील संकेतस्थळांवर प्रशिक्षण आणि नंतरच्या महिन्यांतील संकेतस्थळांवर परीक्षा. अशा परीक्षेत आकडा बहुतेक वेळा खाली येतो.