बिस्मथ : लवकर वितळणारा उपयुक्त धातू

परळी वैजनाथहून लातूर रोडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर घाटनांदूर हे स्थानक आहे. ह्या मार्गावर पूर्वी वाफेची इंजिने धावत. अशा इंजिनात भट्टीच्या माथ्यावरील पत्र्यावर नेहमी पाणी असावे लागे. पाणी कमी होऊन तो पत्रा उघडा पडला, तर तो अतिशय तापून बाष्पक फुटण्याचा धोका असे. म्हणून त्या पत्र्यात शिशाने भरलेली एक मेख बसवीत. वर पाणी आहे तोवर शिसे घट्ट राही. पाणी आटताच ते वितळे, भोक मोकळे होई आणि भट्टीत शिरणारी वाफ इंजिनचालकास धोक्याची सूचना देई. ती इंजिने आता गेली; परंतु तीच युक्ती आज घाटनांदूरच्या घराघरांत कुकराच्या झाकणावर बसलेली आहे. फरक इतकाच की, तेथे शिशाहूनही पुष्कळ लवकर वितळणारा पदार्थ लागतो. असा पदार्थ तयार करण्याच्या कामी बिस्मथ हे मूलद्रव्य येते.

ओळख

मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीत शिशाचा क्रमांक ८२ व बिस्मथचा ८३ आहे. हे दोघे केवळ शेजारीच नव्हेत, तर दिसण्यातही इतके जवळचे आहेत की, फार काळ लोकांनी बिस्मथला शिशाचा अथवा कथिलाचा एक प्रकार मानले. १७५३ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ क्लोद झॉफ्रवा यांनी ते शिशाहून निराळे असल्याचे दाखवून दिले.

बालाघाटाच्या काळ्या खडकात बिस्मथची खाण नाही. जगातही केवळ बिस्मथसाठी खाणी क्वचितच चालतात. शिसे, तांबे, टंगस्टन अशा धातूंचे शुद्धीकरण करताना ते जोडउत्पादन म्हणून हाती येते. त्याचे सर्वांत मोठे उत्पादन चीनमध्ये होते.

गुणधर्म

बिस्मथ रुपेरी पांढरे असून त्यास किंचित गुलाबी झाक असते. शिसे मऊ असते, नखाने ओरखडले जाते व ठोकल्यास चपटे होते. बिस्मथ मात्र ठिसूळ असून हातोडीच्या घावाने त्याचे तुकडे पडतात. त्यामुळे त्याची तार किंवा पत्रा सहजी करता येत नाही. पाण्याच्या तुलनेत ते सुमारे ९.८ पट जड आहे, शिसे ११.३ पट जड असते.

वितळलेले बिस्मथ सावकाश थंड होऊ दिले, म्हणजे त्याचे पायऱ्यापायऱ्यांचे सुंदर स्फटिक बनतात. त्यांवर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर चढतो आणि पावसाळ्यात रस्त्यावरील पाण्यावर तेलाचा थेंब पडल्यास जसे रंग दिसतात, तसे निळे, जांभळे, पिवळे रंग त्यावर खेळू लागतात. हे रंग धातूचे नसून पातळ थरावरून परतणाऱ्या प्रकाशाचे होत.

बहुतेक पदार्थ द्रवाचे घन होताना आकुंचन पावतात. पाणी ह्यास अपवाद आहे, म्हणूनच बर्फ पाण्यावर तरंगते. बिस्मथही असाच अपवाद होय. ते गोठताना सुमारे ३ टक्के फुगते. ह्या गुणामुळे त्याचा मिश्रधातू साच्याचा कोपरान् कोपरा भरून काढतो. लोहचुंबक लोखंडास ओढतो. बिस्मथला तो अगदी हलकेच दूर लोटतो. हा गुण सर्व नेहमीच्या धातूंत बिस्मथमध्ये सर्वाधिक आढळतो.

बिस्मथ पूर्णतः स्थिर आहे, असे दीर्घकाळ समजले जाई. २००३ साली फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी त्याचे अणूही अतिशय मंद गतीने फुटतात असे प्रयोगाने सिद्ध केले. ही गती इतकी मंद आहे की, निम्मे अणू फुटण्यास लागणारा काळ विश्वाच्या आजवरच्या वयाच्या शंभर कोटी पटींहून अधिक भरतो. व्यवहारात त्यापासून किरणोत्सर्गाचे भय मुळीच नाही.

मिश्रणाची किमया

बिस्मथ २७१ अंश सेल्सिअसला वितळते, कथील २३२ अंशांना व शिसे ३२७ अंशांना. आता बिस्मथ ५८ भाग व कथील ४२ भाग एकत्र वितळविले, तर बनणारा मिश्रधातू किती अंशांना वितळेल? दोहोंच्या मधल्या एखाद्या अंकाची अपेक्षा केली जाईल. प्रत्यक्षात तो सुमारे १३८ अंशांनाच वितळतो, म्हणजे दोन्ही घटकांच्या पुष्कळच आधी.

हे नवल मुलांस समजावून देण्यास कुल्फीचे उदाहरण उत्तम आहे. कुल्फीवाला बर्फात मीठ घालतो. मिठामुळे बर्फ शून्य अंशाच्याही खाली वितळू लागते आणि भांडे अधिक गार होते. एका पदार्थात दुसरा मिसळला की, घन स्वरूपातील कणांची नीट रचना टिकणे अवघड होते व वितळण्यास कमी उष्णता पुरते. बर्फ-मिठाचा हा नियम धातूंनाही लागू पडतो.

बिस्मथ, शिसे व कथील यांचा रोझ धातू उकळत्या पाण्यात वितळतो. त्यांत कॅडमियम मिसळले म्हणजे वूड धातू होतो. तो तर सुमारे ७० अंशांनाच वितळतो. कारखान्यांच्या छतावरील काही अग्निशामक फवाऱ्यांची तोंडे अशाच मिश्रधातूच्या दुव्याने बंद केलेली असतात. आग लागून हवा तापली की दुवा वितळतो व पाणी आपोआप कोसळू लागते. तेथे पहारेकऱ्याची वाट पाहावी लागत नाही. शिसे व कॅडमियम विषारी असल्याने हे दोन मिश्रधातू शाळेत आणू नयेत.

कुकराच्या झाकणावरील मेख

उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते. बालाघाटाच्या पठारावर त्याहून थोडे आधीच. कुकरात वाफ कोंडल्याने दाब वाढतो व पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. म्हणून डाळ लवकर शिजते. शिट्टी वाजते तेव्हा जादा वाफ निघून जाते. परंतु डाळीचे टरफल शिट्टीच्या नळीत अडकले, तर वाफेस वाट उरत नाही. किंवा पाणीच संपले, तर भांडे कोरडे तापत जाते. दोन्ही वेळी उष्णतामान १२० अंशांच्या वर चढते.

अशा प्रसंगासाठी झाकणावर दुसरी एक लहान मेख असते. तिला सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणतात. पुष्कळ कुकरांत तिच्या मध्यभागी लवकर वितळणारा मिश्रधातू भरलेला असतो. बिस्मथ व कथील यांचा वर सांगितलेला मिश्रधातू ह्या कामास सोईचा आहे, कारण १२० अंशांना तो घट्ट राहतो आणि १३८ अंशांना जागा सोडतो. मेख वितळली की वाफ जोराने बाहेर पडते, अन्न वाया जाते. पण कुकर फुटत नाही.

येथेच एक घातक चूक घडते. मेख वितळल्यावर तिचे भोक डाख देऊन किंवा लांबी भरून बुजविले जाते. भांड्यांना डाख देण्याचा कथील-शिशाचा मिश्रधातू १८३ अंशांच्या आधी वितळत नाही. कुकरात पाणी १२० अंशांना असता आतील वाफेचा दाब बाहेरील हवेच्या सुमारे दुप्पट असतो. १३८ अंशांना तो सुमारे साडेतीन पट होतो. १८३ अंशांना मात्र दहापटीहून अधिक. डाख दिलेली मेख वितळण्याची वाट पाहत बसेल, तोवर झाकण उडालेले असेल. पन्नास-शंभर रुपयांच्या बचतीपायी कोणाचा तरी चेहरा अथवा डोळे भाजण्याचा हा प्रश्न आहे.

शालेय पोषण आहाराची योजना १९९५ साली देशभर सुरू झाली. शाळेत शिजणाऱ्या आहारासाठी जेथे कुकर वापरला जातो, तेथे ही गोष्ट स्वयंपाकी व मदतनीस यांना मुख्याध्यापकांनी अवश्य समजावून द्यावी. वितळलेली मेख टाकून देऊन त्याच कंपनीची, त्याच कुकराची नवी मेख बसवावी. कुकर घेताना त्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आहे की नाही, हे पाहावे. घरगुती कुकरांचे मानक आय. एस. २३४७ असून २०२० च्या शासकीय आदेशाने ते बंधनकारक करण्यात आले.

इतर उपयोग

शिसे शरीरास अपायकारक आहे; बिस्मथ त्यामानाने फारच सौम्य. म्हणून नळांच्या तोट्यांच्या पितळेत, मासेमारीच्या वजनांत व डाख देण्याच्या मिश्रधातूंत आता शिशाऐवजी बिस्मथ वापरण्याकडे कल आहे. त्याच्या एका संयुगामुळे सौंदर्यप्रसाधनांस मोत्याची चमक येते. दुसऱ्या एका संयुगापासून टिकाऊ पिवळा रंग मिळतो.

पोटातील व्रणांवरील औषधांतही बिस्मथची संयुगे असतात. ह्या व्रणांस बहुधा एक जंतू कारणीभूत असतो, असा शोध लावणारे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या जंतूंवरील उपचारात इतर औषधांबरोबर बिस्मथ दिले जाते. ते घेतल्यावर जीभ व शौच काळे होते, त्यास घाबरण्याचे कारण नसते. तथापि हे औषध वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नये व मुलांस तर मुळीच देऊ नये.

वर्गातील पाठ

ह्या पाठासाठी बिस्मथ मिळविण्याची गरज नाही. कुकराचे थंड व स्वच्छ झाकण वर्गात आणावे. ते उलटे धरून मुलांस शिट्टीची नळी व सेफ्टी व्हॉल्व्ह ही दोन्ही दाखवावीत. नळीतून उजेड दिसतो का, हे प्रत्येकास पाहू द्यावे. नंतर फळ्यावर १२०, १३८ व १८३ हे तीन अंक लिहून विचारावे : मेख कोणत्या अंकाला वितळावी? १०० ला वितळली तर काय होईल? १८३ ला वितळली तर? पहिल्या स्थितीत स्वयंपाकच होणार नाही, दुसऱ्या स्थितीत संरक्षण मिळणार नाही, हे मुले स्वतःच शोधून काढतील.

शेवटी मुलांस घरच्या कुकराची नळी स्वयंपाकाआधी उजेडाकडे धरून पाहण्यास व मेखेवर डाख किंवा लांबी दिसल्यास घरच्या मोठ्या माणसांस सांगण्यास सुचवावे. दुसऱ्या दिवशी किती घरी पाहणी झाली ह्याची नोंद फळ्यावर करावी.