नांव सांपडलें, पण कोठें?

व्याकरणशास्त्राच्या अभ्यासकास सूत्र नुसतें पाठ असून भागत नाहीं. तें कोठलें, हेंही सांगतां यावें लागतें. पाणिनीच्या अष्टाध्यायींत अध्याय आठ, प्रत्येक अध्यायाचे पाद चार, आणि पादांत सूत्रें. म्हणून सूत्राचा निर्देश अध्याय, पाद व सूत्र अशा तीन आंकड्यांनीं होतो. यांत केवळ शोधण्याचीच सोय आहे असें नव्हे. वरच्या सूत्रांतील पदांची खालच्या सूत्रांत अनुवृत्ति होते, आणि तीं पदें जमेस धरल्यावांचून खालच्या सूत्राचा अर्थच लागत नाहीं. सूत्र आपल्या ठिकाणावरून उचललें कीं तें मुकें होतें.

हीच गोष्ट आजच्या तरुणांच्या हातीं असलेल्या संगणकाच्या कामास कशी लागू पडते, हें आम्ही येथें सांगणार आहों. विषय कांहींसा तांत्रिक वाटेल. परंतु ज्यांच्या घरीं शेतीचा सात-बारा आहे, त्यांना तो परका वाटूं नये.

आमच्या ढाणकीचेंच उदाहरण घेऊं. सरकारच्या महाभूलेख या संकेतस्थळावर येथील एखाद्या शेताचा उतारा पहावयाचा, तर यवतमाळ जिल्हा, उमरखेड तालुका, ढाणकी गांव आणि शेवटीं गट क्रमांक, अशा पायऱ्या उतराव्या लागतात. नुसतें 'गट ४५' म्हणून चालत नाहीं. तसा गट शेजारच्या गांवींही असावयाचा. उताऱ्याच्या आंत शिरल्यावरही तोच प्रकार. 'क्षेत्र' हा शब्द लागवडीयोग्य जमिनीसंबंधीं येतो, पोटखराबासंबंधीं येतो, आणि खातेदाराच्या नांवापुढेंही येतो. शब्द एकच, कोणतें क्षेत्र, हें ठरवितें तें त्याचें ठिकाण.

अशी माहिती संगणकांत ठेवण्याची एक फार प्रचलित पद्धति 'जेसन' या नांवानें ओळखली जाते. डग्लस क्रॉकफर्ड या अमेरिकन गृहस्थांनीं ती चालू शतकाच्या आरंभीं रूढ केली. तींत दोन प्रकारच्या पेट्या असतात. एका प्रकारांत प्रत्येक कप्प्यावर नांवाची चिठ्ठी असते. या चिठ्ठीस संगणकाच्या व्यवहारांत 'की' म्हणतात. दुसऱ्या प्रकारांत चिठ्ठ्या नसतात, कप्प्यांस केवळ क्रमांक असतात. कोणत्याही कप्प्यांत कागद असेल किंवा दुसरी पेटी असेल. त्या पेटींत आणखी पेटी. किती खोल, याला नियम नाहीं.

गेल्या वर्षीं येथील एका कुटुंबांत भावाभावांची वाटणी ठरली. पुण्यास संगणकाचें काम करणाऱ्या एका पुतण्यानें तिन्ही शेतांच्या उताऱ्यांतील मजकूर स्वतः उतरवून अशा पेट्यांत भरला आणि 'इतर अधिकार' ही चिठ्ठी शोधणारा दहा-पंधरा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. कर्जाचा बोजा याच रकान्यांत नोंदलेला असतो. प्रोग्रॅमनें उत्तर दिलें, 'कांहीं नाहीं'. वाटणीचे कागद तयार होऊं लागले. थोरल्या काकांस मात्र एका शेतावर सोसायटीचें कर्ज काढल्याचें पक्कें आठवत होतें. त्यांनीं हट्ट धरिला, म्हणून पुतण्यानें आमच्यासमोर बसून तो प्रोग्रॅम ओळीओळीनें वाचून दाखविला.

त्यांत दोष दोन निघाले. पहिला असा कीं, चिठ्ठी एकदां सांपडतांच शोध थांबत होता. पहिल्या शेताचा रकाना रिकामा होता; तेवढ्यावरून तिन्ही शेतांचा निकाल लागला. दुसरा असा कीं, रकाना मुळींच नसणें आणि रकाना असून रिकामा असणें, या दोहोंस एकच उत्तर मिळत होतें. बोजा होता तिसऱ्या शेतावर, आणि तेंच शेत धाकट्या भावाच्या वाट्यास यावयाचें होतें. काका गप्प बसते, तर सर्वांचें कर्ज एकट्यानें फेडण्याची पाळी त्याच्यावर येती, आणि भावाभावांत कायमचें वितुष्ट येतें.

मग शोधावें कसें? रीत सोपी आहे. हातीं आलेली वस्तु पेटी आहे कीं कागद, हें प्रथम पहावें. कागद असेल तर तेथें थांबावें. क्रमांकांची पेटी असेल तर तिच्या प्रत्येक कप्प्यांत उतरावें. चिठ्ठ्यांची पेटी असेल तर एकेक चिठ्ठी वाचावी, हवी ती मिळाल्यास नोंद करावी, आणि नोंद केल्यावरही त्या कप्प्यांत उतरावें. कारण त्याच नांवाची दुसरी चिठ्ठी आंत असूं शकते. आंत जी पेटी मिळेल तिला हाच नियम पहिल्यापासून लावावा. नियमानें स्वतःसच असें पुन्हां बोलावण्यास 'रिकर्शन' म्हणतात. पेट्या दोन असोत कीं वीस, नियम बदलत नाहीं.

उतरतांना वाट मात्र टिपीत जावी. वरील बोज्याची वाट 'शेतें, २, इतर अधिकार' अशी निघाली. येथें '२' म्हणजे तिसरें शेत, कारण बहुतेक संगणकीय भाषांत मोजणी शून्यापासून होते. हें ठाऊक नसणारा मनुष्य भलत्याच शेताचा उतारा तपाशील!

दुसरें एक संकट कुलवृत्तांतासारख्या माहितींत येतें. लिहून ठेवलेल्या जेसनमध्यें वर्तुळ नसतें. परंतु संगणकाच्या स्मृतींत नोंदी एकमेकींस जोडल्या म्हणजे पित्याची नोंद पुत्राकडे बोट दाखविते आणि पुत्राची पित्याकडे. यंत्र त्या दोघांतच फिरत राहतें. पायथॉन ही भाषा असें स्वतःस बोलावणें साधारणतः १,००० पातळ्यांपर्यंतच चालूं देते आणि मग काम सोडून देते. उपाय हा कीं, भेट दिलेल्या नोंदीवर खूण करावी. परंतु दत्तक पुत्र जनक कुळांतूनही भेटतो आणि दत्तक कुळांतूनही, आणि दोन्ही वाटा खऱ्या असतात. म्हणून खूण चालू वाटेपुरतीच ठेवून परततांना पुसावी. नाहीं तर त्याचें एक कुळ यादींतून नाहींसें होईल.

ज्यांना हें सर्व स्वतः लिहावयाचें नसेल, त्यांच्यासाठीं तयार साधनें आहेत. स्टेफान गॉस्नर यांनीं २००७ मध्यें 'जेसनपाथ' नांवाची शोधभाषा मांडली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्यें ती आरएफसी ९५३५ या क्रमांकानें मानकाच्या रूपांत प्रसिद्ध झाली. तींत दोन टिंबें देऊन पुढें नांव लिहिलें कीं तें नांव कितीही खोलवर असलें तरी शोधिलें जातें. सांपडलेल्या प्रत्येक मूल्याची वाट कशी लिहावी, याची ठराविक रीतही त्या मानकांत घालून दिली आहे. वाटेचें महत्त्व तज्ज्ञांनींही ओळखलें, हें यावरून दिसतें.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें आज हें काम करितात. त्यांनीं घरच्या कागदांवर यंत्र चालविलें, तर वडील मंडळींनीं त्यांस तीन प्रश्न अवश्य विचारावे. नांव एकंदर किती ठिकाणीं मिळालें? तें कोणकोणत्या वाटेनें मिळालें? आणि मिळालें नसेल, तर रकाना नाहीं कीं रिकामा आहे? या तिहींचीं उत्तरें हातीं आल्यावरही, सह्या करण्यापूर्वी मूळ उतारे एकवार डोळ्यांखालून घालावे. यंत्रानें शोधण्याचे श्रम वांचतात. वाचण्याचे श्रम ज्याचे त्यानेंच केले पाहिजेत.