नव्वद सेकंदांची शाळा

विमानप्रवासाचा योग आता खेड्यातल्या माणसालाही येऊ लागला आहे. कुणाचा मुलगा दुबईला नोकरीस असतो, कुणी म्हातारा-म्हातारी काशीला विमानाने जाऊन येतात. परत आल्यावर पारावर जे वर्णन रंगते त्यात हवाई सुंदरी हटकून असते. तिचा पोशाख, तिचे हसणे, तिने दिलेला चहा आणि त्या चहाची किंमत! पण एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. चहा तर एस.टी. स्टँडवरचा पोऱ्याही देतो. मग त्या मुलीला विमानात चढू देण्याआधी कित्येक आठवडे शाळेत का बसवितात? आणि त्या शाळेतले मास्तर तिला शिकवितात तरी काय?

उत्तर हवे असेल तर २ जानेवारी २०२४ची संध्याकाळ आठवा. जपानमध्ये टोकियोच्या हानेदा विमानतळावर ३७९ माणसांना घेऊन एक मोठे विमान उतरले आणि धावपट्टीवर उभ्या असलेल्या तटरक्षक दलाच्या लहान विमानावर आदळले. ते लहान विमान आदल्या दिवशीच्या भूकंपातील लोकांसाठी मदत घेऊन निघाले होते. त्यातील सहांपैकी पाच जण बिचारे जागीच गेले. मोठे विमान पेटत पेटत पुढे घसरत जाऊन थांबले. खिडक्यांबाहेर ज्वाळा, आत धूर. सर्वांना एकदम सूचना देण्याचा ध्वनिक्षेपक बंद पडलेला. आठ दारांपैकी तीनच उघडण्याजोगी. मागच्या दाराशी असलेल्या कर्मचाऱ्याचा पुढच्या वैमानिकाशी संपर्कच होईना, तेव्हा दार उघडायचे की नाही हे तिथल्या तिथे ठरवावे लागले. हातातले कर्णे आणि घशातला आवाज एवढ्याच बळावर नऊ कर्मचाऱ्यांनी माणसे बाहेर काढली. वैमानिक सर्वांच्या शेवटी उतरला. ३७९पैकी एकही दगावला नाही, आणि विमान मात्र जळून कोळसा झाले.

आता सांगा, हे त्या घटकेला सुचलेले शहाणपण होते काय? मुळीच नाही. कुणीतरी त्यांच्याकडून ते आधी शेकडो वेळा घोटून घेतले होते. ते घोटून घेणारे जे शिक्षक, त्यांच्याविषयी आज तुम्हाला सांगावयाचे आहे.

हे शिक्षक बहुधा पूर्वी स्वतः विमानात काम केलेलेच असतात. आपल्याकडे त्यांना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता लागते. त्यांच्या वर्गात फळा-खडू असतो, पण खरी शाळा भरते ती एका खोट्या विमानात. मोठ्या गोदामासारख्या जागेत विमानाचा मधला तुकडा बांधलेला असतो. आत खऱ्यासारख्या खुर्च्या, खरी वजनदार दारे. शिक्षक बाहेर बटणांपाशी बसतो. एक बटण दाबले की आत धूर भरतो, दुसरे दाबले की दिवे जातात, तिसरे दाबले की दाराच्या काचेबाहेर आग दिसू लागते. आणि मग तो शिकाऊ मुलीकडे नजर लावतो. ही दार उघडण्याआधी काचेतून बाहेर पाहते की नाही? न पाहता हिने दांडा ओढला आणि बाहेर आग असली, तर आगच आत येईल. गंजी पेटली असता वाऱ्याच्या बाजूचे दार उघडू नये हे तुमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. परंतु मागून दोनशे माणसे रेटत असताना एवढी साधी गोष्ट आठवावी, यासाठी ती हातापायांत मुरावी लागते. म्हणून पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा.

नव्वद सेकंदांचा हिशेब या धंद्यात सर्वांच्या तोंडी असतो. ४४हून अधिक आसनांचे नवे विमान वापरात आणण्यापूर्वी कंपनीला दाखवून द्यावे लागते की, विमान पूर्ण भरलेले असताना, अंधारात, निम्मीच दारे वापरून सारी माणसे ९० सेकंदांत बाहेर पडतात. दीड मिनिट! चुलीवरचे दूध उतू जायला याहून जास्त वेळ लागतो. कर्मचाऱ्यांची संख्याही चहाच्या मागणीवरून ठरत नाही. आपल्याकडे दर पन्नास आसनांमागे निदान एक कर्मचारी हवाच, असा नियम आहे.

घाई एवढी कशासाठी, हे इंग्लंडातील मँचेस्टरने शिकविले. २२ ऑगस्ट १९८५ रोजी तेथे एका विमानाचे इंजिन उड्डाणाच्या धावेतच फुटले आणि आग लागली. विमान जमिनीवरच होते, वैमानिकाने ते थांबविलेही. तरी १३७ पैकी ५५ जण मेले, त्यातले बहुतेक धुराने गुदमरून. मरणाऱ्यांत दोन कर्मचारीही होत्या. जमिनीवर उभ्या विमानातून माणसांना बाहेर का पडता आले नाही?

याचा शोध क्रॅनफील्ड येथील हेलन म्यूर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी घेतला. त्यांनी एका उभ्या विमानात साधी माणसे बसविली आणि सांगितले, जे पहिल्या निम्म्यांत बाहेर पडतील त्यांना पाच पौंड जादा मिळतील. झाले! पाच पौंडांसाठी लोक खुर्च्यांवरून उड्या मारू लागले, दारात एकमेकांत अडकून बसले. नुसत्या शिस्तीच्या कवायतीत हे कधीच दिसले नव्हते. पुढच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट कळली. दाराशी उभा असलेला कर्मचारी मऊ आवाजात ‘या, या’ म्हणत राहिला तर गर्दी रेंगाळते. तोच जर खणखणीत ओरडून, हाताला धरून, ढकलून माणसे बाहेर काढू लागला, तर तीच गर्दी कितीतरी लवकर रिकामी होते.

म्हणून या शाळेतला पहिला मोठा धडा ओरडण्याचा असतो. ‘पट्टे सोडा! सामान टाका! इकडे या! उडी मारा!’ मुलगी लाजते, घसा दाबून बोलते. ‘मुलीच्या जातीने हळू बोलावे’ हे आपण तिला लहानपणापासून शिकविलेले असते ना! शिक्षकाचा निम्मा घाम ते विसरायला लावण्यात जातो. आमच्या मते ज्वारीच्या शेतात माच्यावर उभे राहून पाखरे हाकललेल्या मुलीला हा धडा इतरांहून सोपा जावा.

दुसरा धडा याहून अवघड. तो आहे वरच्याला टोकण्याचा.

८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमध्येच केगवर्थ गावाजवळ एक विमान कोसळले. डावे इंजिन बिघडले होते. वैमानिकांनी चुकून उजवे, म्हणजे धडके इंजिन बंद केले आणि प्रवाशांना तसे जाहीरही केले. मागे बसलेल्या अनेक प्रवाशांनी आणि तीन कर्मचाऱ्यांनी डाव्या बाजूच्या ठिणग्या व ज्वाळा डोळ्यांनी पाहिल्या होत्या. पण पुढे जाऊन ‘साहेब, आग डावीकडे आहे’ एवढे वाक्य कोणी बोलले नाही. कप्तानाला आपल्याहून जास्त कळते, असे प्रत्येकाला वाटले. ४७ माणसे गेली.

तुमच्या घरी पाहा. वडीलधाऱ्याने चुकीच्या वाफ्याला पाणी सोडले तर सून बोलेल काय? म्हणूनच हा धडा शिक्षकाला नुसता सांगून भागत नाही. तो स्वतः कप्तान बनून मुद्दाम चूक करतो आणि शिकाऊ मुलगी तोंड उघडते का ते पाहतो. आता अनेक कंपन्यांत वैमानिक आणि केबिन कर्मचारी यांना एकत्र बसवूनही हे शिकवितात.

पाण्यातील कवायतही असते. समुद्रात उतरावे लागले तर जीवरक्षक जाकीट घालावे, पण ते विमानात फुगवू नये. १९९६ साली अपहरण झालेले इथिओपियाचे एक विमान कोमोरोस बेटांजवळ समुद्रात पडले तेव्हा कित्येकांनी जाकिटे आतच फुगविली. पाणी शिरताच ती माणसे छताला चिकटून वर राहिली आणि दारापर्यंत पोहोचू शकली नाहीत. पुढच्या वेळी विमानात ती सूचना ऐकाल तेव्हा शेजाऱ्याशी गप्पा मारू नका. याशिवाय पेटलेल्या मोबाइलची बॅटरी पाण्याने थंड करणे, छातीवर दाब देऊन बंद पडलेले हृदय चालू करणे, घशात घास अडकलेल्याला सोडविणे, वेळ आलीच तर बाळंतपण, हेही सारे शिकवितात. गंमत अशी की, १९३० साली अमेरिकेत या कामावर नेमलेली जगातील पहिली स्त्री, एलन चर्च, ही परिचारिका होती आणि आयोवातल्या शेतकऱ्याची लेक होती. तिला खरे तर वैमानिकच व्हायचे होते, पण कंपनीने ते मानले नाही.

हानेदाच्या त्या कंपनीचा स्वतःचा धडा फार कडू आहे. १२ ऑगस्ट १९८५ रोजी तिचे एक विमान डोंगरावर कोसळून ५२० माणसे मेली, चार वाचली. त्या विमानाचे तुकडे कंपनीने विकून टाकले नाहीत. २००६ साली हानेदालाच एक दालन उघडून तेथे ते मांडून ठेवले. विमान खाली येत असताना प्रवाशांनी घरच्यांसाठी खरडलेल्या चिठ्ठ्याही तेथे आहेत. कंपनीच्या नोकरांना ते दालन दाखवितात. एखादा अपघात विसरून जाणे कोणालाही सोपे असते. तो काचेमागे ठेवून नव्या पोरांना दाखविणे याला धाडस लागते, असे आम्हाला वाटते.

एकदा पास झाले म्हणजे सुटलो, असेही नाही. दरवर्षी पुन्हा शाळेत येऊन तीच दारे, तोच धूर, तीच परीक्षा. नापास झाल्यास पास होईपर्यंत उड्डाण बंद.

तुमच्या घरातील एखादी मुलगी किंवा मुलगा (होय, मुलेही हे काम करतात) या वाटेने जाऊ म्हणत असेल तर एवढे ध्यानात ठेवा. अठरा वर्षे पूर्ण आणि बारावी पास, ही किमान अट आहे. इंग्रजी-हिंदी सफाईने बोलता यावे लागते. तालुक्याच्या गावी ‘हवाई सुंदरी बना’ अशा पाट्या लावून लाखभर रुपये मागणारे वर्ग निघतात. त्यांच्या दाखल्याने कोणी विमानात चढत नाही. विमान कंपनी आधी निवड करते आणि मग मान्यता मिळालेल्या केंद्रात सारे पहिल्यापासून शिकविते. इंडिगो आणि एअर इंडिया यांची अशी केंद्रे गुरुग्रामला आहेत. तेव्हा बोलणे सुधारण्यासाठी चार पैसे खर्च करायचे तर करा, पण त्यापायी जमिनीचा तुकडा गहाण टाकू नका. आणि गावच्या विहिरीत मुलींनाही पोहायला शिकवा. पाण्यातल्या कवायतीच्या दिवशी शहरातल्या पुष्कळ मुली काठावरच थबकतात.