आजीच्या पाठीचा बाक

खुरपणीत उभा जन्म वाकून गेलेल्या माझ्या आजीच्या पाठीला पोक आले, तेव्हा घरच्यांचा उपाय एकच: "निजून राहा." माझा उपाय त्याहून वाईट ठरला असता. शाळेच्या कवायतीतले वाकून अंगठे धरणे मी तिला शिकवू लागलो होतो! फिजिओथेरपिस्ट बाईंनी ते ऐकताच मला थांबवले.

म्हातारपणी हाडे ठिसूळ होतात. मणक्याची पुढची बाजू दबून तो पाचरीसारखा होतो आणि पाठ झुकते. पुढे वाकले की भार नेमका त्याच बाजूवर येतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील अशा ५९ स्त्रियांची पाहणी १९८४ साली प्रसिद्ध झाली. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या ८९ टक्के जणींचे मणके आणखी दबले. पाठ मागे ताणणाऱ्यांत १६ टक्के. गट लहान होते हे खरे. पण काहीच व्यायाम न करणाऱ्यांतही हे प्रमाण ६७ टक्के होते, हे "निजून राहा" म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आता आजी भिंतीला टाचा व पाठ टेकून उभी राहते, डोके जमेल तितके मागे नेते, खांद्यांची पाती जवळ आणते. पालथे निजून छाती किंचित उचलणे मात्र बाई समोर असतानाच. पायांत बळ यावे, तोल जाऊ नये म्हणून खुर्चीवरून उठबस. एकाएकी कळ उठली तर व्यायाम बंद, आधी एक्स-रे. बाक पुरता जाणार नाही, हेही बाईंनी स्पष्ट सांगितले.

वाकणे टळावे म्हणून लांब दांड्याचा झाडू आणला. "उभ्याने झाडलेला केर निघतो का रे?" म्हणत आजी अजून जुनी केरसुणीच शोधते.