कुठेच न जाणारी नळी

गाडीखाली वाकून एक्झॉस्टच्या नळ्या पाहिल्यात, तर काही गाड्यांना एक विचित्र फाटा दिसतो. मुख्य नळीतून तो फुटतो, इंग्रजी ‘जे’सारखा वळतो आणि पुढे चक्क बंद होतो. त्यातून काहीच बाहेर पडत नाही. पण तो कापून टाकला, तर महामार्गावर तासाभरात डोकं धरून बसायची वेळ येते.

अमेरिकेत कंपनीचा एक्झॉस्ट काढून दमदार आवाजाचा बसवणं हा मोठाच शौक आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा सगळा भाग बदलला की त्याला ‘कॅट-बॅक’ म्हणतात. स्टार्टर मारताच गाडी अशी गुरगुरते की पैसे वसूल! मग पहिला लांबचा प्रवास येतो. गाडी एका वेगाला स्थिरावते आणि आत घुमारा सुरू होतो. जाड, कानापेक्षा छातीत जास्त जाणवणारा. वेग जरा वाढवला की गायब, परत त्या वेगाला आलात की हजर.

या लपंडावाचं गणित बोटांवर करता येतं. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. 2400 आरपीएम म्हणजे सेकंदाला 40 फेरे, म्हणजे 80 स्फोट. एक्झॉस्टमध्ये 80 हर्ट्झचा ठोका. आता केबिन बघा. पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत 2.2 मीटर धरले, तर तेवढ्या हवेचा स्वतःचा सूर 79 हर्ट्झच्या आसपास निघतो! न्हाणीघरात गुणगुणताना एखादाच सूर भिंतींसकट घुमतो ना, तेच हे; फक्त इथला गवय्या थांबत नाही. त्यातून हा घुमारा केबिनभर सारखा नसतो. हवेचा दाब दोन्ही टोकांना सर्वांत जास्त हेलकावतो, मधोमध सर्वांत कमी. म्हणून मागच्या सीटवरची मंडळी वैतागलेली असतात तेव्हा चालवणारा म्हणतो, ‘एवढं काय त्यात?’ दोघंही खरंच बोलत असतात.

मग जाड ग्लास वूल भरलेला मफलर घ्यावा? त्याने वरच्या पट्टीतला कर्कशपणा छान शोषला जातो. पण एक्झॉस्टमधला वायू 300 अंश सेल्सिअसला असेल, तर त्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 480 मीटर धावतो आणि 80 हर्ट्झची एक लाट 6 मीटर लांब होते. दोन बोटं जाडीचं ग्लास वूल तिला काय अडवणार?

तिथे ती बंद नळी कामाला येते. आवाजाची लाट तिच्यात शिरते, बंद टोकावर आपटते आणि परत फिरते. नळीची लांबी लाटेच्या बरोबर पाव असेल, तर जाऊन-येऊन अर्ध्या लाटेचा उशीर होतो. ती तोंडाशी पोचते तेव्हा मुख्य नळीत उंचवटा आणि हिच्यात खोलगट भाग. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. वायूच्या वाटेत काहीच आडवं येत नाही, त्यामुळे इंजिनाचा दमही घटत नाही.

6 मीटरच्या पाव म्हणजे दीड मीटर. पण गार हवेत हाच हिशोब 1.08 मीटरवर येतो. खुद्द फाट्यातून गरम वायू वाहत नाही, म्हणून तो मुख्य नळीपेक्षा थंड राहतो आणि खरी लांबी या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी पडते. नळी आधी लांब ठेवायची, गाडी पुरती तापवायची आणि ऐकत ऐकत आखूड करत आणायची. हे काम मला वाद्य लावण्याइतकंच नाजूक वाटतं.

सगळ्यात अवघड दुखणं शेव्हरले कॉर्व्हेटसारख्या गाड्यांचं. 2014च्या कॉर्व्हेटचं 6.2 लिटरचं व्ही-8 इंजिन हलक्या भारावर चार सिलिंडर झोपवतं. 1500 आरपीएमवर 100 हर्ट्झचा ठोका क्षणात 50 हर्ट्झवर उतरतो. कंपनीने त्यासाठी एक्झॉस्टमध्ये झडपाच बसवल्या. बाहेरून एक्झॉस्ट घेणाऱ्याने तो दोन्ही सुरांचा विचार करून बनवलाय का, हे विचारलंच पाहिजे.

डेसिबलच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. कॅलिफोर्नियात मोटारींसाठी 95 डेसिबलची मर्यादा आहे, पण ती ‘ए’ मापाने. हे माप 80 हर्ट्झच्या आवाजातून साडेबावीस डेसिबल वजा करूनच आकडा दाखवतं. परीक्षेत पास झालेला एक्झॉस्ट आत बसणाऱ्याला छळू शकतो, तो असा.

आपल्याकडे प्रश्न आधी कायद्याचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली ध्वनिप्रदूषणाच्या पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, किंवा दोन्ही.

जिथे मुभा आहे तिथे राहत असाल, तर आपल्या नेहमीच्या वेगाला गाडी किती आरपीएमवर असते ते आधी टिपून घ्या. तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स आणि तशीच बॉडी असलेल्या गाडीत, त्याच आरपीएमवर, मागच्या सीटवर बसून वीस मिनिटं फिरा. विक्रेता नुसता उभ्या गाडीला रेस देऊन आवाज ऐकवत असेल, तर पैसे खिशातच राहू द्या.